बाळ पलंगावरून दोनदा पडलं: लक्ष कमी पडलं की लक्षावर भार जास्त पडला?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला ते नीट कळलंय का हे तुम्हालाही दिसेल. बाळ ८ महिन्यांचं आहे. तीन आठवड्यांत ते दोनदा पलंगावरून खाली पडलं. पहिल्या वेळी कपाळावर टेंगूळ आलं, दुसऱ्या वेळी नुसतंच रडलं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. घरात मात्र "तुझं लक्ष कुठे असतं?" सुरू झालंय. तुम्ही विचारता आहात, मी दिवसभर त्याच्याच मागे असते, तरी ते पडतं कसं, आणि आता आणखी किती लक्ष ठेवू? शेवटी जाता जाता एक ओळ आहे: मोठा मुलगा ४ वर्षांचा आहे, तो हल्ली खिडकीत चढून बसतो.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. १९ वर्षांतली बहुतेक वर्षं आपत्कालीन विभागात गेली. पडून आलेली मुलं आमच्याकडे रोजचीच. तुमचं पत्र वाचताना मला बाळापेक्षा त्या शेवटच्या ओळीची काळजी जास्त वाटली. तिच्याकडे येतेच, पण तुमचा खरा प्रश्न आधी घेते, कारण दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे.

"आणखी किती लक्ष ठेवू" या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: लक्ष पुरेसं असेल तर मूल पडत नाही. तसं नाही. एक हिशोब करून बघा. पलंग जमिनीपासून ६० सेंटीमीटर, म्हणजे साधारण दोन फूट उंच धरा. तिथून सुटलेली वस्तू जमिनीवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. काही दिसल्यावर हात हलायला सुरुवात होईपर्यंतच माणसाचा पाव सेकंद जातो. म्हणजे तुम्ही एका पावलावर उभ्या आहात, डोळे बाळावरच आहेत, तरीही हात पोचेपर्यंत बाळ खाली असतं. डोळ्यात तेल घालून बसलेल्या माणसालाही हे जमत नाही. ज्यांनी पडणारं बाळ वरच्यावर झेललं, त्यांचा हात आधीपासूनच बाळाला लागलेला होता.

हातात न उघडलेला डायपर तसाच धरून आमच्याकडे धावत आलेली एक आई मला अजून दिसते. बाळ ५ महिन्यांचं, उंच टेबलावर आडवं. टेबलाखालच्या खणातला डायपर घ्यायला ती वाकली, एवढंच. तपासणी होईपर्यंत तो डायपर तिच्या मुठीत होता, बाळ शांत झाल्यावर तिचं तिकडे लक्ष गेलं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "याआधी तो कधी वळला नव्हता हो." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि जवळजवळ दर वेळी ते खरं असतं. बाळ पहिल्यांदा पालथं पडतं तेव्हा ते आदल्या दिवशी कळवत नाही. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात वळणं येतं, काहींना आधीही येतं. मग रांगणं, मग धरून उभं राहणं, वर्षाच्या आसपास चालणं. दर वेळी नवी कला घरच्यांना दिसते त्याच्या एक दिवस आधी ती बाळाच्या अंगात आलेली असते, आणि त्या एका दिवसात घर कालच्याच बाळासाठी मांडलेलं असतं.

म्हणून मी पालकांना वय विचारण्याआधी विचारते, "गेल्या पंधरा दिवसांत नवीन काय करायला लागलाय?" तुमच्या बाळाबद्दल उत्तर काय असेल याचा माझा अंदाज असा: नुकतं रांगायला लागलंय किंवा रांगायच्या बेतात आहे. तीन आठवड्यांत दोनदा पडणं याचा अर्थ तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी अचानक निष्काळजी झालात असा नाही. तीन आठवड्यांपूर्वी बाळ बदललं, पलंग तोच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, पण बाळाला कड दिसत नाही का? दिसते. १९६० साली एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली नक्षीचं कापड, उरलेल्या अर्ध्या भागात तेच कापड खूप खाली जमिनीवर, म्हणजे काचेखाली खड्डा दिसावा असं. रांगणारी बहुतेक बाळं आईनं बोलावलं तरी त्या "खड्ड्या"वर जाईनात. हा भाग पुष्कळांना माहीत असतो. त्याच प्रयोगातला दुसरा भाग मला जास्त कामाचा वाटतो: खड्डा ओळखणारी हीच बाळं वळताना, मागे सरताना त्याच काचेवर अंग टाकत होती. काच नसती तर पडली असती. नजरेला खोली कळते, पण अंग अजून आवरत नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी उतारांवर बाळांचा अभ्यास केला. रांगताना तीव्र उतार ओळखून थांबणारं बाळ नव्यानं चालायला लागलं की त्याच उतारावर बिनदिक्कत पाऊल टाकायचं. रांगताना मिळालेलं शहाणपण चालताना पुन्हा पहिल्यापासून मिळवावं लागतं. "त्याला आता कड कळते" असं कुणी म्हणालं की मी विचारते, "कशी कळते? रांगताना की उभं राहून?"

डोक्याचंही सांगायला हवं. जन्मलेल्या बाळाच्या एकूण लांबीचा सुमारे चौथा हिस्सा डोकं असतं, मोठ्या माणसात सातवा-आठवा. वरचा भाग जड, मान कच्ची, हात पुढे टेकून सावरायची सवय नाही. त्यामुळे लहान बाळ तोल गेला की डोक्यावर जातं. ३-४ वर्षांचं मूल हात पुढे करतं, म्हणून त्या वयात मनगट, कोपर आणि खांद्याजवळचं हाड जास्त दुखावतं.

याचा अर्थ मुलाला पडूच द्यायचं नाही असा अजिबात नाही. अ‍ॅडॉल्फ यांच्याच गटानं १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. चालायला शिकण्याचा तोच रस्ता आहे. स्वतःच्या उंचीवरून, सपाट जमिनीवर, धडपडत पडलेल्या मुलाला बहुधा काही होत नाही. माझ्या डोक्यात पडण्याचे दोनच प्रकार असतात. एक, मूल स्वतःच्या पायांवरून पडलं. दुसरा, आपण त्याला जिथे ठेवलं किंवा ते जिथे चढू शकलं त्या उंचीवरून पडलं. पहिल्यासाठी मी टोकदार कोपरे आणि निसरडी जमीन एवढंच बघते. माझी सगळी झटापट दुसऱ्याशी असते.

उंची दुप्पट झाली की आदळण्याची ऊर्जाही दुप्पट होते. ६० सेंटीमीटरवरून पडताना वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास असतो, एक मीटरवरून १६ च्या. डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. २ वर्षांखालच्या मुलांसाठी ९० सेंटीमीटरपेक्षा आणि त्यावरच्या मुलांसाठी दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणं त्यात गंभीर प्रकार म्हणून धरलं आहे. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. कमी उंचीवरूनही क्वचित कवटीला चीर जाते, विशेषतः अगदी लहान बाळांत, आणि खाली फरशी आहे की जाड सतरंजी, मध्ये खुर्चीचा कोपरा लागला की नाही, यानं पुष्कळ फरक पडतो. तरी घरात फिरताना हे आकडे मनात ठेवले तर कुठे हात घालायचा ते कळतं. पलंग साधारण दोन फुटांचा असतो. स्वयंपाकाचा ओटा, कपडे बदलायचं उंच टेबल, बाळाला घेता ती तुमची कड, हे सगळं तीन फुटांच्या आसपास किंवा त्याहून वर.

कड म्हटल्यावर थांबते, कारण हा प्रकार कुणी धोक्यात धरत नाही. मोठं माणूस बाळाला कडेवर घेऊन जिना उतरताना घसरलं तर बाळ मीटरभर उंचीवरून, मोठ्याच्या वजनासकट, कठीण पायऱ्यांवर जातं. मी बघितलेल्या तान्ह्या बाळांच्या वाईट दुखापतींत असे प्रसंग ठळक आहेत. बहुतेकांत दुसऱ्या हातात काहीतरी होतं: फोन, पिशवी, दुधाची बाटली. बाळ कडेवर असेल तर दुसरा हात कठड्यावर, पायात घसरणारी चप्पल नाही. ४ वर्षांच्या दादानं बाळाला कौतुकानं उचलून चालणंही याच यादीत येतं. त्याला बसून मांडीवर घ्यायला द्या, उचलायला नको.

आता पलंग. पुष्कळ घरांत उशांचा तट रचतात. त्यावर विसंबू नका. रांगणाऱ्या बाळाला उशी म्हणजे पायरी असते, तिच्यावर चढून ते आणखी वरून पडतं, आणि लहान बाळाच्या झोपण्याच्या जागी उशा म्हणजे श्वास कोंडण्याचा धोका. पलंग भिंतीला चिकटवणं हाही उपाय नव्हे, कारण गादी आणि भिंत यांच्या फटीत बाळ अडकू शकतं. सगळ्यात साधा उपाय म्हणजे पडायला उंचीच शिल्लक ठेवायची नाही. दिवसा बाळाला जमिनीवर पातळ, घट्ट अंथरुणावर ठेवा, कपडे आणि डायपर तिथेच बदला, लागणाऱ्या वस्तू आधी हाताशी घ्या. दार वाजलं, दूध उतू चाललं, तर बाळ जमिनीवर ठेवा आणि मग जा. रात्री त्याची स्वतःची, सगळ्या बाजूंनी गज असलेली कॉट सर्वात चांगली. बाळ धरून उठायला लागण्याआधी तिची गादी सर्वात खालच्या पातळीवर आणायची, आणि बाळाची उंची ८९ सेंटीमीटर झाली की कॉट बंद. बाळ बसवलेली खुर्ची किंवा कारची सीट टेबलावर वा सोफ्यावर ठेवायची नाही, ती हलते आणि सरकते.

वॉकर असेल तर काढून टाका. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालची २ लाख ३० हजारांहून जास्त मुलं वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी आपत्कालीन विभागात आली, आणि त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली होती. वॉकरमधलं बाळ सेकंदाला मीटरभर अंतर काटतं. वर केलेला हिशोब आठवा. शिवाय त्यानं चालणं लवकर येत नाही.

जिना असेल तर वर आणि खाली गेट हवं. वरचं गेट भिंतीला स्क्रूनं पक्कं केलेलं, नुसतं दाबून बसवलेलं नको, कारण ते मुलासकट खाली येऊ शकतं. ब्रिटनमध्ये ५ वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली: गेट नसणं जितकं धोक्याचं, तितकंच गेट लावून ते उघडं ठेवणंही. मला त्याचं नवल वाटलं नाही. गेट आहे म्हटल्यावर घरातल्यांचं मन निर्धास्त होतं.

आता तुमची शेवटची ओळ. पलंगावरून पडलेलं बाळ बहुधा टेंगळावर निभावतं. खिडकीतून पडलेलं मूल तसं निभावत नाही. ४ वर्षांच्या मुलाला चढणं पक्कं जमतं, पण तोल जाईल हे आधी जाणवण्याची समज नसते, आणि खालून कुणी हाक मारली की तो पुढे वाकतो. डासांची जाळी त्याला धरून ठेवत नाही. ती किडे अडवायला बनवलेली असते, मुलानं टेकल्यावर चौकटीसकट सुटते. खिडकी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर बसवा, किंवा ज्यांच्यातलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी आहे असे उभे गज. आडवे गज म्हणजे शिडी. आग लागली तर मोठ्या माणसाला आतून उघडता येईल अशी सोय त्यात हवीच. खिडकीखालचा सोफा, टेबल, खेळण्यांची पेटी, सगळं दुसऱ्या भिंतीला न्या. बाल्कनीतही तेच: कुंडी, स्टूल, उलटी बादली, कठड्याजवळ काही नको.

हे किती उपयोगी पडतं? १९७० च्या दशकात न्यूयॉर्क शहरात मुलं खिडक्यांतून पडण्याचं प्रमाण फार होतं. आरोग्य विभागानं घरोघरी जाऊन पालकांना समजावलं आणि त्याचबरोबर फुकट गजही दिले. अपघात झपाट्यानं कमी झाले. मग १९७६ साली शहरानं नियमच केला: १० वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल अशा इमारतीत मालकानं खिडक्यांना गज लावायचे. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की जबाबदारी एकट्या आईच्या डोळ्यांवर टाकली नाही. तुमचं घर भाड्याचं असेल आणि भिंतीला भोकं पाडू देत नसतील, तर मालकाशी बोला, लेखी मागा. तोवर फर्निचर हलवणं आणि त्या खोलीचं दार बंद ठेवणं तुमच्या हातात आहे. मोठ्याला "खिडकीत चढायचं नाही" हा नियम जरूर शिकवा, त्याचा उपयोग होतो. पण या वयात नियम आठवतो तो शांत असताना. फुगा उडाला की आठवत नाही.

त्याच खोलीत उंच कपाट किंवा खणांचं टेबल असेल तर तेही भिंतीला बांधा. उघडे खण म्हणजे त्याच्या लेखी पायऱ्या.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत आणि मी इथून सांगू शकत नाही. मूल किती धाडसी आहे, घरात माणसं किती, जागा किती, रात्री तुमची झोप किती होते. मुलींपेक्षा मुलगे जास्त पडतात हे सगळीकडे दिसतं, पण तुमचं मूल कसं आहे ते तुम्हीच बघायचं. मला दिसलेलं एवढं सांगते: पडणं बहुधा नेमाच्या दिवशी होत नाही. पाहुणे आलेले असतात, घर बदललेलं असतं, कुणी आजारी असतं, संध्याकाळी सगळे थकलेले असतात. आणि घर माणसांनी भरलेलं असतानाही होतं, कारण प्रत्येकाला वाटतं बाळ दुसऱ्याकडे आहे. म्हणून आमच्या विभागात पाळी बदलताना जे करतात ते घरी करा: तोंडानं सांगा, "बाळ आता तुमच्याकडे," आणि समोरच्यानं "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय उठू नका.

पुन्हा पडलंच तर काय बघायचं तेही सांगते. लगेच रडलं, थोड्या वेळात शांत झालं, नेहमीसारखं दूध प्यायलं, हातपाय सारखे हलवतंय, तर घरी लक्ष ठेवणं बहुतेक वेळा पुरतं. बेशुद्ध झालं, झटका आला, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवलं तरी नीट जागं होत नाही, सतत किरकिर, टाळू फुगलेली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, एक हात वा पाय वापरत नाही, तर वेळ न घालवता दवाखाना. कपाळावरच्या टणक टेंगळापेक्षा डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली मऊ, बदबदीत सूज जास्त काळजीची. ३ महिन्यांखालचं बाळ डोक्यावर पडलं तर लक्षणं नसली तरी दाखवा. उंचावरून पडून मान हलवत नसेल तर उचलू नका, रुग्णवाहिका बोलवा. झोपेची वेळ झाली असेल आणि बाळ ठीक असेल तर झोपू द्या, फक्त मधूनमधून नेहमीसारखं हलतंय, श्वास घेतोय ना हे बघा.

दवाखान्यात आम्ही तोच प्रश्न तीनदा विचारू: किती उंचीवरून, कशावर, नंतर काय झालं. त्यात संशयाचा राग मानू नका. एक्स-रे, स्कॅन करायचा की नुसतं निरीक्षण, हे त्या उत्तरावर ठरतं. घरात दोष देणं सुरू झालं की हीच उत्तरं बदलायला लागतात. "पलंगावरून" ऐवजी "खेळताना" पडला असं सांगितलेल्या बाळाची कवटी दुखावल्याचं आम्हाला उशिरा कळलं, कारण आजीला सुनेसमोर खरं सांगवलं नाही. बाळ बरं झालं. पण ते तास मी विसरले नाही. म्हणून घरी "लक्ष कुठे होतं" असं कुणी विचारलं, तर त्यांना हे पत्र वाचायला द्या, आणि मग दोघांनी मिळून आज रात्रीच ते खिडकीखालचं फर्निचर हलवा. बाळाचं अंथरूण उद्या जमिनीवर घेतलं तरी चालेल.